इंजिनाचा मूळ रंग नक्की कोणता? १९६५ मस्टँग, २८९ व्ही८

चौथा_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून १९६५ च्या एका फोर्ड मस्टँगवर काम चालू आहे. पत्र्याचं काम झालं, ब्रेक झाले, वायरिंग नवीन घातलं. आता इंजिन बाहेर काढून स्टँडवर चढवलंय आणि सगळं काम एका प्रश्नापाशी येऊन थांबलंय.

इंजिन २८९ क्युबिक इंचांचं व्ही८ आहे, दोन बॅरलचा कार्बोरेटर. गाडी माझ्याकडे आली तेव्हा ते नखशिखांत निळं होतं. ब्लॉक, दोन्ही हेड, इनटेक मॅनिफोल्ड, टॅपेट कव्हरं, अगदी बोल्टसुद्धा. फोर्डचं इंजिन म्हणजे निळं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्या रंगाचा डबा आधीच आणून ठेवला. परवा डाव्या बाजूचं माउंटिंग सोडवलं. ब्रॅकेट निघालं आणि त्याखाली ब्लॉकवर तळहाताएवढा काळा चौकोन! चिकटा पुसून पाहिला. काजळी नाही, रंगच आहे. ब्रॅकेटच्या कडेला निळा थर काळ्यावर चढलेला स्पष्ट दिसतो.

म्हणजे माझं इंजिन आधी काळं होतं? की मधल्या काळात कुणी काळं केलं आणि नंतर निळं? प्रदर्शनात बक्षीस मिळवायचं म्हणून हे करत नाहीये. पण गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी एकदा डोळ्यांनी पाहायची फार इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

रंगपेटी

काळा बरोबर आहे. फोर्डने तो निळा सगळ्या इंजिनांना सरसकट लावायला सुरुवात केली ती १९६६ च्या मॉडेलपासून. त्याआधी मस्टँगचा ब्लॉक काळा असायचा आणि टॅपेट कव्हरं व एअर क्लीनर वेगळ्या रंगाचे. बॉनेट उघडलं की त्या रंगावरूनच आत कोणतं इंजिन आहे ते कळायचं. १७ एप्रिल १९६४ ला गाडी बाजारात आली तेव्हा २६० व्ही८ ला निळी कव्हरं, सहा सिलिंडरवाल्याला लाल, २८९ ला सोनेरी. २७१ हॉर्सपॉवरच्या २८९ ला मात्र क्रोमची. तुमच्या दोन बॅरलच्या इंजिनाला काळा ब्लॉक, काळे हेड, काळा बिडाचा इनटेक, सोनेरी कव्हरं आणि सोनेरी एअर क्लीनर.

निळ्याचा समज इतका का पसरला? १९६६ नंतर सुमारे पंधरा वर्षं तोच रंग चालला. त्यामुळे लोकांच्या नजरेत तोच बसला. इंजिन उघडलं की हाताशी असलेला निळा मारायचा, असं करत करत १९६५ ची कितीतरी इंजिनं निळी झाली आहेत.

स्पॅनर१९

रंगपेटी म्हणतात ते गाडीपुरतं खरं आहे. पण गाडी १९६५ ची आहे म्हणून इंजिनही १९६५ चंच आहे, हे अजून कुठे सिद्ध झालंय? साठ वर्षांत इंजिन बदललेल्या गाड्या कमी नाहीत. आधी ब्लॉकची तारीख वाचा, रंगाचं नंतर पाहू.

फोर्डने ओतकामातच तारीख घातलेली असते. स्टार्टर काढा, त्याच्या वरच्या भागात ब्लॉकवर उठावाची अक्षरं दिसतील. आधी वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. ए म्हणजे जानेवारी. पण फोर्ड आय हे अक्षर वगळतं, त्यामुळे ऑगस्ट एच, सप्टेंबर जे आणि डिसेंबर एम. इथे बरेच जण एका महिन्याने चुकतात. शेव्हरलेट आय वगळत नाही, तिथे डिसेंबर एल येतो, आणि त्यांची मांडणीही उलटी असते: महिना, दिवस, वर्ष.

दरवाजावरच्या पाटीवर गाडी बांधायची तारीख असते, तिच्याशी ताडून पाहा. ब्लॉक गाडीच्या थोडा आधी ओतलेला असायला हवा. काही आठवडे अंतर असेल तर उत्तम. ब्लॉक गाडीनंतरचा निघाला तर गोष्ट तिथेच संपली.

अजून दोन गोष्टी सांगा. बेलहाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाला) ब्लॉकवर बोल्ट पाच की सहा? ऑगस्ट १९६४ पर्यंतच्या २८९ ला पाच होते, नंतर सहा झाले. आणि टॅपेट कव्हरं काढली असतील तर दोन्ही बाजूंचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) सारखे आहेत का?

शेंदरी_व्ही८

वाचतोय. माझं शेव्हरलेट आहे, पण प्रश्न तोच.

चौथा_गिअर

स्पॅनर१९, मनापासून आभार. कालची रात्र यातच गेली.

ब्लॉकवर ४एम१२. तुमच्या हिशेबाने १२ डिसेंबर १९६४. दरवाजाच्या पाटीवर ०८ए, म्हणजे ८ जानेवारी १९६५. चार आठवड्यांपेक्षा कमी अंतर! बेलहाउसिंगला सहा बोल्ट.

पण रॉकरचा प्रश्न तुम्ही का विचारलात ते आता कळलं. दोन्ही बाजू सारख्या नाहीत. डाव्या बाजूचे रॉकर साधे आहेत. उजव्या बाजूच्या रॉकरच्या टोकाला दोन्हीकडून कडा आहेत, व्हॉल्व्हचं टोक त्यांच्यामध्ये बसतं. डाव्या हेडवर ४एम९ आहे आणि उजव्यावर ६एफ२१. म्हणजे २१ जून १९६६?

स्पॅनर१९

हो, बरोबर वाचलंत. ते कडावाले रॉकर म्हणजे रेल रॉकर. फोर्डने ते १९६६ च्या मध्यावर आणले. आधीच्या हेडमध्ये पुशरॉडचं (रॉकर हलवणाऱ्या काठीचं) भोकच रॉकरला सरळ ठेवायचं, नंतर ते काम रॉकरच्या टोकाने केलं. उजवं हेड दुसऱ्या इंजिनावरून आलंय. ब्लॉक आणि डावं हेड तुमच्या गाडीचं आहे असं मानायला हरकत नाही.

आता त्या उजव्या हेडवर थर कोणते आहेत ते पाहा. माझा अंदाज आहे की तिथे काळा सापडणार नाही.

तेलकट_हात

धागा वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. थर वाचायची घाई केली तर पुरावाच खरवडून जातो. मी स्वतः पहिल्या गाडीवर ही चूक केली होती. पूर्ण ब्लॉक रंग काढायच्या रसायनाने धुऊन काढला आणि नंतर मूळ रंग शोधत बसले. शेवटी एका ब्रॅकेटच्या खाचेत कणभर सापडला, तोही तपकिरी पडलेला.

मजबूत रसायन सगळे थर एकदम फुगवतं, त्यामुळे वापरूच नका. आधी रॉकेलने वंगण काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं होऊ द्या. मग उष्णतेपासून लांब आणि झाकलेली जागा निवडा. माउंटिंगमागची जागा उत्तम, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमागचीही चांगली. एक्झॉस्टच्या शेजारची जागा नमुन्यासाठी कधीच घेऊ नका. तिथे रंग भाजून पिवळा किंवा तपकिरी होतो आणि हिरव्याचा शेवाळी वाटायला लागतो.

बाराशे किंवा पंधराशे नंबरचा वॉटर पेपर बोटाच्या पेराएवढ्या लाकडी गुट्टीवर लावून पाण्यात भिजवून एका जागी गोल फिरवायचा. हळूहळू वर्तुळं दिसायला लागतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी. सगळ्यात बाहेरचं वलय सगळ्यात नवीन, मध्यभागी बीड. बिडाला चिकटलेलं शेवटचं वलय आपल्याला हवं असतं.

पण पहिला थर म्हणजे कारखान्याचाच थर, असं समजू नका. माझी तपासणी इथून पुढे सुरू होते. त्या काळी बहुतेक अमेरिकी कारखान्यांत इंजिनाला प्रायमर मारत नसत. जोडलेलं इंजिन साखळीवरून पुढे सरकायचं आणि रंग थेट उघड्या बिडावर बसायचा. सगळ्यात खाली करडा किंवा तांबडा प्रायमर दिसला, तर त्याच्यावरचा रंग बहुधा गॅरेजमधला आहे.

दुसरी खूण गॅस्केटच्या कडेची. कारखान्यात इंजिन जोडून झाल्यावर रंग मारायचे, त्यामुळे रंग हेडवरून गॅस्केटच्या कडेवर आणि तिथून ब्लॉकवर सलग जातो. गॅस्केट काढल्यावर त्याच्या खालच्या पृष्ठभागावर रंग सापडला, तर ते सुटे भाग रंगवून जोडलेले आहेत. बोल्टचंही तसंच. डोकी इंजिनाच्या रंगाची असतात आणि वॉशरखाली उघडा धातू असतो. तुमच्या गाडीची टॅपेट कव्हरं मात्र वेगळ्या रंगाची होती, म्हणजे ती वेगळीच रंगवलेली. त्यामुळे त्यांच्या वळवलेल्या काठाच्या आत सोनेरी सापडलं तर ते संशयाचं नाही, उलट पुरावाच आहे. तिथे बघा, तिथे उष्णता नसते आणि कुणाचा ब्रशही पोचत नाही.

रंग जुळवताना नमुना कोरडा आणि हलका पॉलिश केलेला हवा. ओला नमुना नेहमी गडद दिसतो. आणि उघड्या सावलीत, दुपारच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग बाहेर नेले की वेगळे दिसतात, कारण दोघांची रंगद्रव्यं वेगळी असतात. नजरेवर भरवसा नसेल तर वर्णमापक यंत्राने वाचन घ्या, पण त्यालाही निदान नाण्याएवढी स्वच्छ सपाट जागा लागते.

जुन्या फोटोंवर विसंबू नका. फिल्मचे रंग उडतात आणि प्रत्येक प्रकारच्या फिल्मचे वेगळ्या दिशेने उडतात. जाहिरातीच्या पुस्तिकांतली चित्रं तर हाताने सुधारलेली असायची.

शेवटची विनंती. ब्लॉकवर जिथे क्रमांक ठोकलेले आहेत त्या जागेला कागद लावू नका. शेव्हरलेटमध्ये त्या पट्टीवर यंत्राने कापल्याच्या बारीक समांतर रेषा असतात आणि परीक्षक त्याच पाहतात. एकदा घासल्या की परत येत नाहीत.

रंगपेटी

तेलकट_हात ताई, हा प्रतिसाद मी जपून ठेवला. प्रायमरची खूण मला माहीत होती, गॅस्केटच्या कडेची कधी सुचली नव्हती.

आकाशी_हेड

थोडं विषयांतर, पण मुद्दा जवळचा आहे म्हणून लिहितो. अमेरिकी गाड्यांत आख्खं इंजिन रंगतं. जॅग्वारच्या एक्सके इंजिनात रंग हेडवर असतो, आणि त्याला अर्थ असतो. हे इंजिन १९४८ ला लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलं. पुढे हेडचे प्रकार वाढले तसे रंग आले. एक्सके१४० च्या विशेष आवृत्तीतलं सी-टाइप हेड लाल. नंतरचं बी-टाइप फिकट आकाशी, बदकाच्या अंड्यासारखं. एक्सके१५० एस आणि पहिल्या ३.८ लिटरच्या ई-टाइपचं सरळ पोर्टचं (हेडमधल्या हवेच्या वाटेचं) हेड सोनेरी. म्हणजे रंग बघून पोर्टचा आकार कळतो.

माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने बी-टाइप हेड लाल रंगवून घेतलं होतं, कारण लाल म्हणजे वेगवान असं त्याला कुणीतरी सांगितलं. मी घेतली तेव्हा मला सी-टाइप हेड म्हणून विकली गेली. हेडवरचा क्रमांक तपासला नसता तर आजही तेच समजलो असतो. रंगाने मला फसवलं. तेव्हापासून मी आधी क्रमांक वाचतो आणि मगच रंगाकडे बघतो.

शेंदरी_व्ही८

आता माझा प्रश्न. १९६७ चं शेव्हरलेट, ३२७ व्ही८. रंगाचा वाद नाही, नारिंगी आहे. १९५५ ला २६५ क्युबिक इंचांचा पहिला छोटा व्ही८ आला तेव्हापासून नारिंगी, त्याच वर्षीचं सहा सिलिंडर निळं. १९७७ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत समान निळा आला. हे सगळं ठीक.

वाद एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळ्यांवर) आहे. एक मित्र म्हणतो, मॅनिफोल्डवर नारिंगीचे फवारे उडालेले असायला हवेत. मला ते पटत नाही. मी महिनाभर खपून मॅनिफोल्ड स्वच्छ केलेत. त्यावर मुद्दाम रंग उडवायचा आणि तो जळून पोपडे धरताना बघायचं? अशाने गाडी बेफिकीर हातांनी केल्यासारखी दिसेल.

स्पॅनर१९

तुमचा मित्र बरोबर आहे. शेव्हरलेटच्या कारखान्यात इंजिनं मॅनिफोल्ड लावूनच रंगवली जायची. फवारा थेट मॅनिफोल्डवर यायचा, गाडी पहिल्यांदा तापली की तो जळायचा आणि कडेला करपलेली किनार राहायची. कॉर्व्हेटवाल्यांची (शेव्हरलेटच्या स्पोर्ट्स कारवाल्यांची) जी संघटना १९७४ पासून आहे, नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी, तिच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी असते. तिथे चकचकीत मॅनिफोल्डचे गुण कापले जातात.

रंगपेटी

मी इथे थोडा असहमत आहे. कॉर्व्हेटच्या परीक्षणाला नेणार असाल तर जरूर फवारे ठेवा. पण शेंदरी_व्ही८ यांनी तसं कुठे म्हटलंय? अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका चारशे गुणांच्या पद्धतीने पाहतो. तिथेही गरजेपेक्षा जास्त चकाकी दिली म्हणून जास्त गुण नाहीत, हे खरं. तरी गाडी घरच्यांना घेऊन फिरायला असेल आणि मालकाला मॅनिफोल्ड स्वच्छ आवडत असेल, तर त्यात चूक काय?

स्पॅनर१९

चूक काहीच नाही, गाडी त्यांची. पण प्रश्न मूळ काय होतं हा होता. मूळ म्हणजे फवारा. तो फवारा मारणारा कामगार बेफिकीर नव्हता. पुढचं इंजिन येऊन ठेपायच्या आत त्याला हे संपवायचं होतं. मला त्या ओघळांत त्याचा हात दिसतो. म्हणून मी ते पुसत नाही, आणि पुसले गेले असतील तर परत घालतो.

शेंदरी_व्ही८

हे असं कुणी सांगितलं नव्हतं. मॅनिफोल्ड लावून रंगवेन. झाकणार नाही.

तेलकट_हात

रंगवायच्या आधी एक लक्षात घ्या. इंजिनाचा साधा एनॅमल ब्लॉकसाठी ठीक आहे, कारण ब्लॉकचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या आसपास राहतो आणि रंग त्याच्या दुपटीहून जास्त सोसतो. मॅनिफोल्ड पाचशेच्या वर जातो. तिथे एनॅमल टिकणारच नाही, आणि तुम्हाला तेच हवंय, फवाऱ्यासाठी. पण मॅनिफोल्डचा खालचा बिडाचा रंग टिकवायचा असेल तर सिलिकॉनवर आधारित उच्च तापमानाचा रंग आधी मारावा लागतो आणि तो टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा लागतो. त्यावर मग नारिंगी फवारा जाऊ दे.

दुसरं, खूप महत्त्वाचं. जुन्या नारिंगी आणि पिवळ्या रंगांत शिसं आणि क्रोमियम असलेली रंगद्रव्यं सर्रास वापरली जायची. जुना नारिंगी कोरडा घासू नका. ओला घासा, चांगला मास्क लावा, निघालेला लगदा वेगळा गोळा करा. एक्झॉस्टच्या जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते ओलं करूनच सोडवा. आज त्याच नावाचा डबा घेतला तरी रंग जुळत नाही, त्याचं एक कारण ती जुनी रंगद्रव्यंच. आजच्या नारिंगीत शिसं नाही, झाकायची ताकद वेगळी, खालच्या उबदारपणाची छटाही वेगळी. डब्यावरचं नाव तेच असतं, म्हणून आपण फसतो.

बिडाची_ओळख

क्रायस्लरवाल्यांनी नावाला तर मुळीच भुलू नये. साठच्या दशकात साध्या ३८३ आणि ४४० क्युबिक इंचांच्या इंजिनांना मोरपंखी, हेमी या ताकदवान इंजिनाला शेंदरीकडे झुकणारा नारिंगी, आणि काही इंजिनांना पिवळसर नारिंगी. हे दोन्ही नारिंगी रंग लोक एकाच नावाने ओळखतात. १९७२ पासून बहुतेकांना निळा.

युद्धकाळातली जीप करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. आराखडा एकच, पण विलीज कंपनीच्या एमबीचं इंजिन ऑलिव्ह हिरवं आणि फोर्डने बांधलेल्या जीपीडब्ल्यूचं करडं. करडं इंजिन सापडलं म्हणून कुणीतरी नंतर रंगवलं असं समजू नका. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर एफ हे अक्षर ठोकलेलं असतं, आधी ते शोधा.

निळा_सहासष्ट

माझी मस्टँग १९६६ ची, ब्लॉक मूळचा, पण आधीच्या मालकाने तीनदा रंगवलेला. रंग काढताना सगळं गेलं. मूळ निळ्याचा एकही विश्वासार्ह नमुना माझ्याकडे नाही.

चौथा_गिअर दादा, तुमचं ते उजवं हेड २१ जून १९६६ ला ओतलंय. त्यावर काळा नसेल तर त्याच्यावरचा सगळ्यात खालचा निळा कारखान्याचा असणार. गॅरेजच्या निळ्याखाली तो तुमच्याकडे झाकून राहिलाय. कृपा करून घासायच्या आधी नीट बघाल का?

चौथा_गिअर

निळा_सहासष्ट, तुमचा प्रतिसाद वाचून ताबडतोब गॅरेजमध्ये गेलो.

तेलकट_हात ताईंनी सांगितलं तसंच केलं. आधी ब्लॉक, माउंटिंगच्या चौकोनाच्या कडेवर. वलयं अशी आली: बाहेर निळा, मग पातळ तपकिरी रेघ (बहुधा जुनं वंगण, त्यावरच मारलेलं), मग काळा, मग बीड. प्रायमर नाही. डाव्या हेडवर हुबेहूब तसंच.

उजवं हेड वेगळं. मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याच्या) बाजूला जिथे कुणी पोचत नाही, तिथे घासलं. बाहेर निळा, मग काजळीची रेघ, मग पुन्हा निळा, मग बीड. दोन्ही निळे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर ते एक नाहीत! बाहेरचा जांभळटपणाकडे जातो, आतला थोडा गडद आणि जरा हिरवटाकडे. सावलीत, दुपारी, कोरडं करून पाहिलं. फरक स्पष्ट आहे.

आणि टॅपेट कव्हरं. वळवलेल्या काठाच्या आत, गॅस्केटच्या रबराखाली, सोनेरी! नाण्याएवढं नाही, पण दोन्ही कव्हरांना आहे. उजव्या कव्हरालाही. म्हणजे हेड बदललं तेव्हा कव्हर जुनंच परत लावलं.

निळा_सहासष्ट

तुमचे आभार कसे मानू कळत नाही. त्या हेडची ती जागा मोकळी ठेवाल का? वर्णमापकाचं वाचन घेता आलं तर हवं आहे. तीन वर्षं मी फक्त डब्याचं झाकण बघून रंग ठरवत होतो.

रंगपेटी

सोनेरीबद्दल एक सल्ला. काळ्यात छटेचा फार प्रश्न नाही, झळाळीचा आहे. माउंटिंगमागचा तुकडा हलका पॉलिश करून उजेडात तिरका धरा आणि त्याची चमक नजरेत बसवा. आजचे काळे डबे एकतर आरशासारखे चकाकतात किंवा अगदी निस्तेज असतात. सोनेरीचं उलट आहे. त्यात धातूचे कण असतात, आणि त्याच डब्यातला रंग ओला मारला तर गडद येतो, लांबून कोरडा मारला तर फिकट. कव्हरावर मारायच्या आधी तीन-चार पत्र्याच्या तुकड्यांवर वेगवेगळ्या अंतराने मारून बघा, आणि काठातल्या सोनेरीशी जुळतं ते अंतर धरा.

चौथा_गिअर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

वंगण पूर्ण काढून, यंत्राने कापलेल्या जागा चिकटपट्टीने झाकून ब्लॉक रंगवला. बीड धुतल्यावर अर्ध्या तासात तांबूस व्हायला लागतं, त्यामुळे धुतलं, वाळवलं आणि लगेच पहिला पातळ हात मारला. प्रायमर लावला नाही. एकूण तीन पातळ हात. हेड, गॅस्केट, इनटेक सगळं जोडून मगच मारला, त्यामुळे रंग गॅस्केटच्या कडेवरून सलग गेलाय. पुढच्या बाजूला दोन ओघळ आले. एक पुसायला हात गेला होता, मग स्पॅनर१९ यांचं म्हणणं आठवलं आणि तसेच ठेवले.

कव्हरांसाठी पत्र्याचे सात तुकडे रंगवले. पाचवा जुळला. बाकीचे तुकडे पाठीमागे अंतर आणि दाब लिहून डब्यात ठेवलेत, कुणाला हवे असतील तर सांगा.

उजवं हेड गाडीचं नाही, पण ते चांगलं आहे, व्हॉल्व्ह नीट बसतात. बदलत नाही. ते काळंच रंगवलं, मात्र मागच्या टोकाचा दोन इंचांचा निळा तुकडा झाकून मोकळा ठेवला. डाव्या माउंटिंगमागचा काळा चौकोनही हात न लावता ठेवलाय, ब्रॅकेट त्यावर परत बसलं. निळा_सहासष्ट, हेडवरच्या त्या तुकड्याचं वाचन घेतलंय, आकडे व्यक्तिगत संदेशात पाठवले. पाच जागांवर घेतलं, पाचही जवळजवळ सारखे आले.

निळा_सहासष्ट

मिळाले. आज पहिला नमुना पत्रा रंगवून उन्हात वाळत ठेवलाय.